शुद्धीवर आले तरी दोन दिवस ॲडमिट कशाला? इन्सुलिन जास्त गेल्यावर हॉस्पिटलात काय करतात आणि का

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. वडील ७१ वर्षांचे, डायबेटिस २० वर्षं जुना, किडनी जरा कमजोर म्हणजे क्रिएटिनिन २.१. रात्री ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर चालणारं इन्सुलिन, २० युनिट पेनने घेतात. त्या रात्री पेनचं बटण अडकलं म्हणून भावाने आईच्या डब्यातली सिरिंज घेतली, पेनच्या कार्ट्रिजमधून २०च्या खुणेपर्यंत इन्सुलिन ओढलं आणि दिलं. पहाटे साडेचारला बाबा घामाने चिंब, हाक मारली तर ओ नाही. १०८वाल्यांनी शुगर बघितली तर ३८. हॉस्पिटलात ग्लुकोज दिल्यावर १० मिनिटांत डोळे उघडले, चहा मागितला. आणि तरीही दोन दिवस ठेवून घेतलं. शुगर २४० दिसत असताना ग्लुकोजचं सलाईन चालूच, किडनीच्या माणसाला वर पोटॅशियम, तासातासाला बोट टोचणं, आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टर येऊन बाबांशी एकट्याने बोलून गेल्या. ताईंचा प्रश्न सरळ आहे, हे सगळं खरंच लागतं की बिल वाढवायला?

ताई, बिल मी बघितलेलं नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण उपचार म्हणून विचाराल तर तुमच्या बाबांचं सगळं बरोबर झालंय, आणि सकाळी चहा प्यायल्यावर लगेच घरी पाठवलं असतं तर मी जास्त घाबरलो असतो. का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी ती सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं. बाटलीतलं बहुतेक ४०चं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि पेन-कार्ट्रिजमधलं १००चं. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४०साठी आणि नारिंगी टोपीची १००साठी. आई बाटलीतलं इन्सुलिन घेत असणार, म्हणून घरात लाल टोपीच्या सिरिंजा. आता लाल टोपीच्या सिरिंजवर २०ची खूण म्हणजे अर्धा मिली. अर्धा मिली कार्ट्रिजमधलं इन्सुलिन म्हणजे ५० युनिट. भावाने मोजून २० दिलं आणि बाबांना गेलं ५०, अडीच पट. त्याला दोष देऊ नका, ही चूक मी शिकल्या-सवरलेल्या लोकांकडून, नर्सिंग केलेल्यांकडून आणि एकदा तर एका डॉक्टरच्या घरातही झालेली बघितली आहे. उलटी चूकही होते, १००च्या सिरिंजने ४०चं इन्सुलिन घेतलं की डोस निम्म्याहून कमी जातो आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसतात, आणि एक दिवस फार्मसीतून बरोबर सिरिंज मिळाली की माणूस आडवा. आता तर ३००च्या ताकदीचे पेनही आलेत, त्यातून सिरिंजने ओढलं तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढायचंच नाही, पेन बिघडला तर त्या रात्री डॉक्टरला फोन करायचा. ग्लार्जिनचा एक डोस काही तास उशिरा गेला तर टाइप २च्या माणसाचं फारसं काही बिघडत नाही.

आता पहाटेकडे येऊ. शुगर ७०च्या खाली गेली की कमी म्हणायची, ५४च्या खाली गंभीर, आणि आकडा काहीही असो, माणूस स्वतः साखर खाऊ शकत नाही, दुसऱ्याची मदत लागते, ती सगळ्यात वरची पायरी. मेंदूला ग्लुकोज साठवून ठेवता येत नाही, त्याला तासाला साधारण ५ ग्रॅम लागतं आणि ते रक्तातूनच मिळायला हवं. म्हणून आधी घाम, थरथर, धडधड, मग चिडचिड, बरळणं, मग झोपेसारखी गुंगी, फिट्स. कधी कधी तर एक हात-पाय लुळा पडतो आणि घरचे पॅरालिसिस म्हणून घेऊन येतात. कॅज्युअल्टीत बेशुद्ध माणूस आला की कोण आहे, काय आहे ते नंतर, आधी बोट टोचून शुगर, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून घोटून घेतलेलं असतं, आणि तरीही कधीतरी कोणीतरी आधी सिटीस्कॅनला पाठवतंच.

ग्लुकोमीटरच्या बाबतीत एक गंमत सांगतो, गंमत नाही खरं तर. घरचे घाबरून तोंडात साखर, गूळ, आंब्याचा रस काय काय कोंबतात आणि तेच हात पेशंटच्या बोटांना लागलेले असतात. त्या चिकट बोटावर टोचलं तर मशीन १८० दाखवतं आणि आत खरी शुगर ४५. म्हणून बोट पाण्याने पुसून मगच टोचायचं, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. आणि लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवायचा.

शिरेतून ग्लुकोज देणं हे या सगळ्यातलं सर्वात सोपं काम. २५ टक्क्यांचं १०० मिली दिलं तर २५ ग्रॅम ग्लुकोज गेलं, काही जण १० टक्क्यांचं दीडशे-दोनशे मिली देतात, ते शिरेला जास्त सोसतं. ५० टक्क्यांचं पाकासारखं घट्ट असतं, शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, त्यामुळे ते बारीक शिरेतून देताना मला अजूनही धाकधूक असते. शीर सापडत नसेल तर ग्लुकागॉनचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत, १ मिलिग्रॅम. ते लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढतं, १०-१५ मिनिटं लागतात, नंतर उलटी होऊ शकते म्हणून कुशीवर झोपवायचं. पण लिव्हरमध्ये साठा असेल तरच ते चालतं. दोन दिवस नीट जेवलेला नसेल किंवा रात्रभर प्यायलेला असेल तर ग्लुकागॉन काय करणार.

आणि पिण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या गोव्यात तो सोडून चालत नाही. मार्च ते मे हुर्राकचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस, दुपारी दोन ग्लास लिंबू-लिम्का घालून, उन्हात, जेवणाचा पत्ता नाही, आणि संध्याकाळी इन्सुलिन मात्र ठरलेलं. दारू लिव्हरला नवीन साखर बनवू देत नाही. त्यात बेशुद्ध पडला तर तोंडाला वास येतोय म्हणून लोक म्हणतात झोपू दे त्याला, उतरेल सकाळी. तो उतरत नाही. असे पेशंट आले की आम्ही ग्लुकोजबरोबर थायमिन, म्हणजे बी१ व्हिटॅमिन शिरेतून देतो, कारण रोज पिणाऱ्यांत त्याची कमतरता असते आणि नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला वेगळी इजा होऊ शकते. पण थायमिन हाताशी नाही म्हणून ग्लुकोज थांबवायचं नाही.

तर बाबा १० मिनिटांत उठले, चहा मागितला. इथे घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आमचं खरं काम मात्र इथून पुढे सुरू होतं.

शिरेतून दिलेले २५ ग्रॅम ग्लुकोज अर्ध्या-एक तासात वापरून संपतात. इन्सुलिन पोटाच्या चरबीत बसलेलं असतं आणि तिथून ते हळूहळू झिरपत राहतं. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन ३ ते ५ तास चालतं, साधं रेग्युलर ६ ते ८ तास, एनपीएच आणि ३०-७०चं मिक्स त्याहून लांब, ग्लार्जिन साधारण २४ तास, डेग्लुडेक ४० तासांहून जास्त. आणि हे आकडे नेहमीच्या डोसचे. डोस मोठा झाला की चरबीत साठाच मोठा होतो, तो विरघळायला वेळ लागतो, त्यामुळे २४ तासवालं इन्सुलिन दोन, तीन, क्वचित चार-पाच दिवसही शुगर खाली खेचत राहिल्याची उदाहरणं आहेत. त्यात बाबांची किडनी. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन शरीराबाहेर काढण्यात किडनीचा वाटा मोठा असतो, क्रिएटिनिन वाढलेल्या माणसात तेच इन्सुलिन जास्त वेळ फिरत राहतं. शिवाय किडनी स्वतः थोडी साखर बनवते, तेही कमी झालेलं. म्हणजे खाली खेचणारं जास्त आणि वर ढकलणारं कमी.

मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट सांगतो, माझीच चूक आहे म्हणून सांगायला हरकत नाही. सकाळी सातला एक मावशी आल्या, शुगर ३०च्या आसपास, ग्लुकोज दिलं, उठून बसल्या, माझ्याशी चतुर्थीच्या तयारीबद्दल गप्पा मारल्या, घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळा-फुलांची सजावट, बांधायची राहिलीय म्हणून जायची घाई. मी ११ वाजता सोडलं. संध्याकाळी पाचला त्याच मावशी त्याच खाटेवर, परत बेशुद्ध. इन्सुलिन कुठलं, किती, कधी, मी विचारलंच नव्हतं. लांब पल्ल्याचं होतं. सुदैवाने त्या नीट घरी गेल्या, पण दोन दिवसांनी, माटोळी शेजाऱ्यांनी बांधली. सिनिअर मला काही बोलले नाहीत, नुसतं केसपेपरवर माझ्या हाताने ‘इन्सुलिनचा प्रकार:’ आणि पुढे रिकामी जागा असं लिहायला लावलं. तेव्हापासून पेन, बाटली, सिरिंज, खोका, जे सापडेल ते घेऊन या असं मी घरच्यांना ॲम्ब्युलन्समध्ये असतानाच फोनवर सांगतो. तुम्हीही कोणासाठी धावाल तर औषधांची सगळी पिशवी उचला.

म्हणून सलाईन चालू ठेवलं. हिशेब बघा. उपाशीपोटी आपलं लिव्हर तासाला साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं, ७० किलोच्या माणसात. जास्तीचं इन्सुलिन हे उत्पादन बंद पाडतं. १० टक्क्यांचं सलाईन तासाला १०० मिली दिलं तर १० ग्रॅम जातात, म्हणजे ती बाटली लिव्हरची बदली ड्युटी करतेय असं समजा. ५ टक्क्यांच्या नेहमीच्या सलाईनने हे भागत नाही, त्याच्या ५०० मिलीच्या अख्ख्या बाटलीत २५ ग्रॅमच असतात. इन्सुलिन फार जास्त असेल तर १० टक्केही पुरत नाही, मग २० किंवा २५ टक्के द्यावं लागतं, आणि ते हाताच्या बारीक शिरेतून सतत चालवता येत नाही, मानेतली मोठी शीर घ्यावी लागते. त्याला दुसरंही कारण आहे, ग्लुकोजचं पाणी लिटर लिटर चढवलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, हार्ट-किडनी कमजोर असलेल्यांच्या फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून कमी पाण्यात जास्त साखर. तुमच्या बाबांना मानेत नळी घातली नाही याचा अर्थ १० टक्क्यांवर भागलं, चांगलं झालं.

२४०चं काय, तर तो आकडा बहुधा ग्लुकोजच्या मोठ्या डोसनंतर लगेच घेतलेला होता. नुकतं ओतलेलं ग्लुकोज दिसतंय ते, अर्ध्या तासात खाली येणार. तो बघून सलाईन बंद केलं की तासाभरात परत ५०. त्याहून वाईट म्हणजे शुगर चढली म्हणून इन्सुलिन देणं. हसू नका, हे घडतं, रात्रपाळीला नवीन मुलगा असतो, वॉर्डातल्या तक्त्यात २०० ते २५० ला ४ युनिट असं छापलेलं असतं आणि तो बिचारा छापल्याप्रमाणे वागतो. म्हणून अशा पेशंटच्या केसपेपरवर मी मोठ्या अक्षरात ‘माझ्याशी बोलल्याशिवाय इन्सुलिन नाही’ लिहून ठेवतो. या दोन दिवसांत शुगर १००च्या खाली जाऊ द्यायची नाही एवढंच बघायचं, १५०-२०० राहिली तरी चालते. पण मुद्दाम ३०० वर नेऊन ठेवायचीही नाही, टाइप २मध्ये स्वतःचं पॅन्क्रिया, म्हणजे स्वादुपिंड, थोडं चालू असतं, साखर जास्त दिसली की ते आपलं इन्सुलिन सोडतं आणि गाडी परत उताराला लागते.

बोट टोचणं सुरुवातीला दर १५-२० मिनिटांनी, मग तासाला, मग दोन तासांनी. बोटांची चाळण होते हे खरंय. दंडावर चिकटवायचे सेन्सर आलेत, पण शुगर भराभर बदलत असताना सेन्सर काही मिनिटं मागे असतो, अशा वेळी एकट्या त्याच्या भरवशावर मी राहत नाही.

आणि रात्रीचं टोचणं तर अजिबात चुकवायचं नाही. झोपलेला माणूस घाम आलाय, धडधडतंय म्हणून सांगणार कोणाला? ज्यांचा डायबेटिस जुना आहे त्यांना तर जागेपणीही लक्षणं कळेनाशी होतात, वारंवार शुगर उतरून शरीराची घंटाच बंद पडते. बीपी-हार्टसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर धडधड, थरथर दबते, घाम तेवढा येतो.

पोटॅशियमबद्दल तुम्ही घाबरलात ते मात्र योग्यच आहे, किडनीवाल्यांना आम्हीच केळी, शहाळं बंद करायला सांगतो आणि इथे आम्हीच चढवतोय. इन्सुलिन साखरेला पेशीत ढकलतं तसं पोटॅशियमलाही ढकलतं. पोटॅशियम शरीरातून गेलेलं नसतं, फक्त रक्तातून पेशीत लपलेलं असतं, पण रक्तात कमी झालं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ईसीजी, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासणं, आणि खूप उतरलं तर थोडं थोडं देणं. थोडं थोडं का, तर इन्सुलिनचा जोर ओसरला की लपलेलं सगळं बाहेर येतं आणि किडनी कमजोर असेल तर उलट जास्त होऊन बसतं. इथे हात सैल सोडणाऱ्या डॉक्टरपेक्षा कंजूष डॉक्टर बरा. मॅग्नेशियम, फॉस्फेटही बघतात.

बाबा गोळ्या कुठल्या घेतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल तर सांगायला हवं होतं, आणि डॉक्टरांनी विचारलं असणार. या गोळ्या पॅन्क्रियाकडून इन्सुलिन पिळून काढतात, किडनी कमजोर असली की दिवस-दोन दिवस चालतात, मग टोचलेलं आणि आतलं असं दुहेरी इन्सुलिन होतं. त्यावर ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन आहे, ते पॅन्क्रियाला गप्प बसवतं. नुसत्या टोचलेल्या इन्सुलिनवर त्याचा उपयोग नाही, टाइप १मध्ये तर काहीच नाही, तिथे आतलं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. कोणी विचारतं पोट धुवून काढलं का, विष शोषणारा कोळसा पाजला का. इन्सुलिन टोचलेलं आहे, पोटात नाही, त्यामुळे पोट धुवून काही निघणार नाही. सोबत गोळ्याही गिळल्या असतील तर गोष्ट वेगळी. टोचलेल्या जागेची चरबी ऑपरेशन करून काढल्याची उदाहरणं आहेत पण ती एखाद-दुसरी, रोजच्या कामातली नाहीत.

नीट शुद्धीवर आल्यावर तोंडाने खाणं हा सलाईनइतकाच मोठा उपचार आहे. पहिल्यांदा लगेच चढणारी साखर, मग लगोलग टिकणारं काहीतरी, उकड्या तांदळाची पेज, पोळी-भाजी, उंडो-पाव काहीही. मी वॉर्डात पेजच सांगतो, सगळ्यांना आवडते, पोटाला त्रास नाही आणि दर तीन तासांनी वाटीभर देता येते. सलाईन एकदम बंद करत नाहीत, तासाला १०० मिलीवरून ७५, ५०, असं उतरवत आणतात, आणि पूर्ण बंद केल्यावर नुसत्या जेवणावर शुगर टिकते का ते बघतात. लांब पल्ल्याचं इन्सुलिन असेल तर त्यात एक रात्र घरी पाठवण्याआधी आमच्या नजरेखाली जावी असं माझं मत आहे. तुमचे दोन दिवस असेच गेले. आणि कोणी दिवाडी-चोडणला राहत असेल, रात्री फेरीबोटीची वाट बघावी लागत असेल, किंवा सत्तरी तालुक्यात आत कुठे वाडीवर एकटं राहत असेल तर मी अजून एक दिवस ठेवतो, पुस्तकात हे नसलं तरी.

कधी कधी शुगर १५० वर आली तरी माणूस उठत नाही. तेव्हा मात्र स्कॅन, एमआरआय, फिट्सची तपासणी, बाकी कारणं शोधणं सुरू होतं. किती वेळ शुगर खाली होती यावर बरंच अवलंबून असतं, आणि रात्री झोपेत झालं तर ते कोणालाच माहीत नसतं. काही जण एक-दोन दिवसांनी हळूहळू येतात, काही पूर्ण येत नाहीत. तुमच्या आईने पहाटे साडेचारला उठून हाक मारली, त्या हाकेचं मोल आम्ही लावलेल्या सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त आहे.

आता मानसोपचाराच्या डॉक्टरांचं. तुम्ही लिहिलंय ‘आमच्या घरात असलं काही नाही’. ताई, मी मानतो. सिरिंजची गोष्ट ऐकली की चूक कशी झाली ते लखलखीत दिसतं. पण आमच्याकडे येणाऱ्या जास्तीच्या इन्सुलिनच्या केसेसमध्ये काही वेळा ती चूक नसते, आणि तसं कोणी दारात पाय ठेवल्या ठेवल्या सांगत नाही. वर्षानुवर्षं टोचणं, पथ्य, पायाची जखम, डोळे, डायलिसिसची भीती, डायबेटिसवाल्यांत डिप्रेशन बाकी लोकांपेक्षा बरंच जास्त आढळतं. म्हातारी माणसं तर ‘तुम्हाला त्रास नको’ एवढंच बोलतात आणि आपण ते प्रेम समजतो. म्हणून सगळ्यांनाच विचारायचं, एकट्याने विचारायचं, घरच्यांसमोर नाही. विचारल्याने डोक्यात तसा विचार शिरतो असं नाही, उलट बरेच जण मोकळे होतात. बाबांना त्यांनी काय सांगितलं ते खोदून विचारू नका, हवं तर ते स्वतः सांगतील. आणि ज्यांच्या घरी खरंच तसं झालंय त्यांच्यासाठी, पोलिसांच्या भीतीने हॉस्पिटलात खोटं बोलू नका. हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवेल, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतात, त्याच्यावर खटला भरून शिक्षा करण्याऐवजी त्याची काळजी घेणं, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. बांबोळीला मानसोपचाराचं वेगळं सरकारी हॉस्पिटल आहे, फोनवर बोलायचं तर टेली मानस, १४४१६, कधीही, फुकट.

घरी परत असं झालं तर काय, तेही लिहितो. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज पावडर, किंवा साध्या कोल्ड्रिंकचा छोटा ग्लास, डाएट नको. १५ मिनिटांनी परत शुगर बघा, ७०च्या वर नसेल तर परत तेवढंच. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज गोळी चालू असलेल्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर फोडूच देत नाही, त्यांना ग्लुकोज पावडरच द्या, घरात एक डबा ठेवाच. बेबिंका, दोदोल, चॉकलेट, लाडू यांत तूप-खोबरं असतं, साखर रक्तात पोचायला उशीर होतो, ते नंतर खुशाल खा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, १०८ लावा. आणि चूक लगेच लक्षात आली, जास्त टोचलं गेलं पण शुगर अजून चांगली आहे, तर उतरायची वाट बघू नका, खायला द्या आणि निघा.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या आठवड्यात नक्की होणार म्हणून सांगतो. एवढा धक्का बसल्यावर घरात ठरतं की आता इन्सुलिन नकोच. टाइप १च्या मुलांच्या बाबतीत हे जीवघेणं आहे, जास्तीचं उतरलं की त्यांना परत इन्सुलिन लागतंच, नाहीतर एक-दोन दिवसांतच रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून उलट्या करत परत येतात, एकाच महिन्यात एकाच पोराला दोन्ही टोकांनी ॲडमिट केलंय मी. तुमच्या बाबांचं तितकं तातडीचं नाही, पण बंद करणं बरोबर नाही. किती युनिटने परत सुरू करायचं ते त्यांच्या डॉक्टरांबरोबर ठरवा, आणि या निमित्ताने विचारा की ७१व्या वर्षी, या किडनीवर, २० युनिट लागतात का. या वयात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८च्या आसपास राहिला तरी आम्ही फार ओढत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३च्या अभ्यासात डायबेटिसच्या प्रमाणात आपला गोवा २६.४ टक्क्यांनी देशात पहिला आला, म्हणजे तुमच्यासारखी दोघं दोघं इन्सुलिनवाली घरं इथे गल्लोगल्ली आहेत, एकाच फ्रीजमध्ये दोन ताकदीची इन्सुलिनं ठेवून.

आज संध्याकाळी एवढं करा. आईची बाटली आणि लाल टोपीच्या सिरिंजा एका डब्यात, बाबांचा पेन आणि सुया दुसऱ्या डब्यात, दोन्हींवर मार्करने नाव. फार्मसीतून एक जादा पेन आणून ठेवा. आणि भावाला हे सगळं वाचायला द्या, तो त्या रात्रीपासून नीट झोपला नसणार.